काकूच्या वाट्याचं कडवं

आमच्या गावात ते गाणं कुणी पूर्ण म्हणत नाही. हळदीला दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसतात, एक कडवं इकडून, एक तिकडून असं चालतं, आणि सहावं संपलं की गाणं तिथेच सोडून उठतात. शेवटचं कडवं बाकी ठेवायचं असतं. नवरा-बायकोतलं जे आधी जाईल, त्याच्या दहाव्याला मागे राहिलेल्याने ते नदीवर म्हणायचं. तोवर त्या दोघांचं गाणं चालू आहे असं मानतात.

गाण्याची गोष्ट साधी आहे. नदीच्या अल्याडची मुलगी, पल्याडचा मुलगा. तो कामासाठी हैदराबादला जातो, पोळ्याला येतो म्हणतो. मग सहा कडवी ती वाट बघते. विहिरीवर बघते, बांधावर बघते, बाजारात बघते, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तिला विचारतं, आला का गं? हैदराबादचं नाव निघालं की अभ्यासू माणसाला राहवत नाही. एका स्मरणिकेत मी वाचलं की हे गाणं म्हणजे मराठवाड्याच्या मुक्तीचं रूपक आहे. लिहिणारे गृहस्थ हळदीत कधी बसलेले नसावेत. तिथे मुक्तीचा विषय निघत नाही. मुलाच्या आईला मात्र दर कडव्याला बोलणी खावी लागतात.

गाणं जिल्हाभर गेलं ते कॅसेटमुळे. मी कॉलेजात असताना जालन्यातल्या एका गायकाने ते रेकॉर्ड केलं. जयंतीच्या कार्यक्रमांत त्याचा आवाज आम्ही ऐकलेला होता. माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. त्याने सहा कडवी जशीच्या तशी म्हटली आणि सातवं स्वतः रचलं. पुढे ओळख झाल्यावर मी त्याला कारण विचारलं. खरं कडवं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि कॅसेटवाल्या मालकाचं म्हणणं पडलं की लोक रडायला पैसे देत नाहीत. तेव्हा कॅसेटमध्ये मुलगा वेळेवर येतो, क्लॅरिनेट वाजतं आणि तो म्हणतो,

आलो गं आलो मी, काढ दाराची कडी,
आणली तुझ्यासाठी हिरव्या लुगड्याची घडी.

कडीला घडी जुळवणाऱ्या कवीबद्दल मी तेव्हा बरंच बोललो होतो. लोकांनी माझं ऐकलं नाही. हॉटेलांत, जीपमध्ये, जिनिंगच्या आवारात तेच वाजत राहिलं. आता तर वरातीत डीजेवाला बाकीचं गाणं वाजवतच नाही. ‘काढ दाराची कडी’ एवढंच पुन्हा पुन्हा लावतो आणि पोरं हात वर करून नाचतात. गावाने मात्र आपला नियम सोडला नाही. घरात कॅसेट लागली तरी सहावं कडवं संपता संपता कुणीतरी उठून बटण दाबायचं. आमच्या आईने तर एकदा पाहुण्यांच्या घरचा टेप बंद केला होता.

काकू गेली यंदाच्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी चालू असताना. दुपारी डोकं दुखतंय म्हणून निजली आणि उठली नाही. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला आणि भाग्याची म्हणाल्या. काका ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्याकडे बघून भाग्याची गोष्ट कुणी वाढवली नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ते पहिल्यांदा नीट बोलले. मला आणि त्यांच्या मुलाला, माझ्या चुलत भावाला, जवळ बसवलं आणि म्हणाले, “दहाव्याला मला तिचं कडवं म्हनायचंय. मला येत न्हाई. बघा कुणाला येतं का.”

आम्हाला वाटलं, हे सोपं आहे. गावात म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. पहिल्या दिवशी पाच-सहा घरं फिरलो तेव्हा कळलं की कडवं कुणालाच येत नाही. ते एरवी म्हणायचं नाही, मुलांना शिकवायचं नाही, आणि नदीवर कानावर पडलंच तर घरी आणायचं नाही, असा कडक नियम. ज्याने म्हटलं त्याने एकदाच म्हटलं आणि काही वर्षांत तोही गेला. अलीकडच्या दहाव्यांना लोक नुसते हात जोडून उभे राहत आणि मनात म्हटलं असं सांगत. सगळ्या गावाने ते कडवं इतकं सांभाळलं की शेवटी कुणाजवळच राहिलं नाही. एका आजोबांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं की त्यांना येतं, पण म्हातारी जिवंत आहे तोवर तोंडातून काढणार नाहीत. म्हातारी आतून म्हणाली, “यांना सहावं बी येत न्हाई. लग्नापासून ऐकून राह्यले मी.”

चुलत भाऊ जालन्याला स्टीलच्या कारखान्यात आहे, त्याला सुट्टी थोडी. तो म्हणाला, दादा, तुम्ही मराठी शिकवलंत, आता हे तुम्हीच शोधा. मी शोधायला निघालो. खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात एका ओळखीच्या शिक्षकाने मला तिथल्या गाणं-गौरव समितीच्या अध्यक्षांकडे नेलं. गाणं मूळचं त्यांच्याकडचं, असा समितीचा दावा आहे. मुलीचं घर, विहीर आणि बांध अशा तिन्ही जागा त्यांनी ठरवून टाकल्या होत्या आणि विहिरीवर फलकही लावला होता. अध्यक्षांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि समितीचं काम समजावून सांगितलं. कडव्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, ते संशोधनाधीन आहे. मी शाल घेऊन परत आलो.

शेवटी ते मिळालं हसनाबादला. दूरच्या नात्यातल्या एका आजीने नवऱ्याच्या दहाव्याला ते म्हटलं होतं. बाईने म्हणायचं असलं तरी शब्द तेच राहतात. नात्यातली आहे म्हणून तिने ऐकवायचं कबूल केलं, पण घरात नाही. गोठ्याच्या मागे गेलो. तिथे तिने सुरात न म्हणता, बोलल्यासारखं एकदा सांगितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून लगेच चुलीकडे गेली. मी एसटीत पूर्ण वेळ ते पुटपुटत होतो. शेजारच्या माणसाने दोनदा माझ्याकडे बघितलं आणि जागा बदलली.

त्या कडव्यात मुलगा उशिरा येतो. ती गेलेली असते. तो रडत नाही, तिला हाकही मारत नाही. नदीकाठी उभा राहून तो तिला घरच्या बातम्या सांगतो, गाय व्याली, शेजारचं भांडण मिटलं, लिंब मोहरला. एवढंच. चार ओळी आहेत, त्यात एकही शब्द जास्तीचा नाही. इतक्या वर्षांत मी वर्गात जे शिकवलं त्यातलं फार थोडं या तोडीचं होतं. मी इथे त्या ओळी देत नाही. नवरा-बायको दोघंही अजून आहेत अशा पुष्कळ घरांत हे वाचलं जाईल.

घरी आलो तो नवव्या दिवशी. काका गोठ्यात बैलाला वैरण घालत होते. मी ते कडवं त्यांना म्हणून दाखवलं. ते पेंढी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “चांगलं हाय. पन हे तिनं कधी ऐकलंच न्हाई.”

मी म्हणालो की ऐकायचं नसतंच, नियमच तसा आहे.

त्यांनी वैरण टाकली, हात झटकले. मग खाली बघत म्हणाले, “तिनं कॅसेटचं ऐकल्तं. पूर्ण.”

पुढचं त्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. आम्ही भावंडं शिकायला बाहेर गेल्यावर, आजी-आजोबा वारल्यावर, मळ्यातल्या खोलीत ती दोघंच राहत. तिथे एक टेप होता. सहावं कडवं संपलं की काका सवयीने बटणाकडे हात न्यायचे. एकदा काकूने तो हात धरला. म्हणाली, राहू द्या, इथं आपल्याला कोन बघायलंय? तेव्हापासून ती गाणं शेवटपर्यंत ऐकायची. पुढे टेप बिघडला, पण खुरपताना, भाकरी थापताना ती तेच गुणगुणायची, आणि काका बाजारातून परत आले की कडी काढायच्या आधी आतून ‘आलो गं आलो मी’ एवढी अर्धी ओळ म्हणायची. उरलेली अर्धी काकांनी बाहेरून म्हणायची. ते म्हणत नसत. नुसतं “उघड, उन्हात उभा हाय” म्हणत.

“कधीच म्हनलो न्हाई,” काका म्हणाले. “लाज वाटायची.”

चुलत भावाला मी हे सांगितलं, आणि काका उद्या कॅसेटचंच कडवं म्हणणार हेही, तेव्हा तो अस्वस्थ झाला. वडिलांना तो फार मानतो. त्या ओळीवर गावातली पोरं वरातीत नाचतात. नदीवर शंभर माणसांसमोर बापाने ती म्हटली आणि कुणी हसलं, तर हे घर पुढे कायम त्याच गोष्टीने ओळखलं जाईल, ही त्याची भीती. ती खोटी नव्हती. मलाही हसनाबादच्या ओळी वाया जाणार याचं वाईट वाटत होतं. आम्ही दोघांनी रात्रीच्या जेवणाआधी काकांना समजावून बघितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “मी तिच्यासाठी म्हनून राह्यलो का गावासाठी?”

दहाव्याला नदीवर गर्दी होती. पिंड मांडला आणि कावळा लगेच शिवला, तेव्हा काकूची कुठलीच इच्छा राहिलेली नाही असं सगळ्यांनी समाधानाने जाहीर केलं. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आता नदीवरही माइक असतो आणि माइक असला की तो बोलणाऱ्यांना शोधून काढतो. तालुक्याचे एक पुढारी गाडीतून आले, त्यांनी काकूला माउली म्हटलं, तिचं नाव कागदावर बघून घेतलं, आणि गाण्याचा विषय निघाला आहे असं कळल्यावर लोकपरंपरेचं जतन हे आपलं कर्तव्य आहे असं सांगून ते दुसऱ्या दहाव्याला गेले.

काकांचं नाव पुकारलं. कुणीतरी माइक त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हाताने बाजूला केला आणि पाण्याच्या कडेला गेले. पाठ आमच्याकडे होती. आवाज बारीक होता, त्याला सूर असा नव्हता.

“आलो गं आलो मी,” ते म्हणाले, “काढ दाराची कडी.”

मागे पोरांचा एक घोळका उभा होता. वरातीत पुढे नाचणारे तेच. चुलत भाऊ त्यांच्याकडेच बघत होता. त्यांच्यातल्या एकाने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. कुणी हसलं नाही.

“आणली तुझ्यासाठी,” काका म्हणाले, आणि थांबले. हिरव्या लुगड्यापाशी त्यांना वेळ लागला. बायकांमधून कुणी शब्द पुरवला नाही, कारण ते कडवं ज्याचं त्यानेच म्हणायचं असतं. त्यांनी ओळ पुरी केली.

कडवं कॅसेटमधलंच, जसंच्या तसं. कडीला घडी. त्यात मला आता दोष दिसत नाही असं नाही.

म्हणून झाल्यावर माणसाने मागे फिरायचं असतं, वळून न बघता. काका फिरले नाहीत. पाण्याकडे तोंड करून तसेच उभे राहिले, आतून कुणी उठून कडी काढेपर्यंत दारात माणूस उभा राहतो तितका वेळ. मग चुलत भाऊ पुढे गेला आणि त्याने त्यांचा हात धरला.