पर्सीच्या बापाचा धंदा

"माझ्या आईचा माणूस आहे. सामान पोचवतो."

हे वाक्य पास्कूनं इंग्रजीत म्हटलं. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत, एका इंजिन ड्रायव्हरच्या ओसरीवर, रविवारी दुपारी. ओसरीवर वेताच्या तीन खुर्च्या होत्या. एकीवर ड्रायव्हरसाहेब, दुसरीवर त्याची मुलगी, तिसरीवर पास्कू. मी पायरीखाली उभा. हातात टोपली. टोपलीत पास्कूच्या आईनं पहाटे तळलेले फुगे, म्हणजे आमच्यातले मैद्याचे गोळे, आणि सुके बोंबील. ठाण्याहून आणले होते, कारण तिनं सांगितलं होतं, "गरम हायेत तवर दे त्याला."

साहेबानं विचारलं होतं, "हू इज धिस?" त्यावर ते उत्तर. मग माझ्याकडे वळून मराठीत, पण साहेबी मराठीत, "मागच्या दाराने ठेव. जा."

मुलगी टोपलीकडे बघून "थँक यू" म्हणाली. टोपलीनं काही उत्तर दिलं नाही. मीही नाही. मी मागच्या दारानं गेलो आणि ठेवली.

पास्कूच्या त्या इंग्रजी वाक्यात एकही चूक नव्हती. असणार कशी? त्याला इंग्रजी मी शिकवलं होतं.

आम्ही दोघं ठाण्याच्या खाडीकाठच्या एकाच गावचे. किरिस्तांव. त्याचा बाप अंतोन मिठागरावर मीठ ओढायचा, माझा बाप भात लावायचा. आम्ही कोण, हे मात्र आम्हाला कधी नीट कळलं नाही, कारण सरकार दर काही वर्षांनी वेगळं सांगायचं. माझ्या आज्याला कागदावर 'नेटिव्ह ख्रिश्चन' लिहिलं. बापाला 'पोर्तुगीज' लिहिलं. तो फार तर ठाण्याच्या पलीकडे माजिवड्यापर्यंत गेलेला माणूस, पोर्तुगाल कुठल्या बाजूला आहे हे त्याला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन पिढ्यांत आमचा वंश बदलला आणि घरातलं कुणी जागचं हललंसुद्धा नाही.

विशीत आम्ही दोघं कल्याणला गेलो. मी मालधक्क्यावर कागदांच्या नकला करणारा कारकून, तो इंजिनावर कोळसा टाकणारा. जुन्या गावात तळ्याच्या बाजूला एक खोली घेतली. चार वर्षं राहिलो. मी त्याला वाचायला शिकवलं, मग बोलायला. गार्डाची जागा गोऱ्यांना आणि अर्ध्या गोऱ्या युरेशियनांना मिळायची. नेटिव्ह माणसानं कोळसा टाकावा. तेव्हा पास्कूनं ठरवलं की आपण नेटिव्ह राहायचं नाही. आधी हॅट आली. मग बूट. मग परेराचा पेरी झाला आणि पास्कूचा पर्सी. सगळ्यात गंमत रंगाची. आम्हा दोघांचा रंग एकच, चांगला काळा. पण हॅट घातल्यावर त्याचा रंग उन्हानं रापलेला ठरला. माझा जन्माचा राहिला.

मला हेवा वाटला. तो हॅटचा आहे असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. हॅटचा हेवा सभ्य असतो, कुणापुढेही कबूल करता येतो. खरं असं की मला हॅट नको होती. मला तो हवा होता.

एवढंच वाक्य आहे. ते लिहायला मला पंचेचाळीस वर्षांचं व्हावं लागलं.

मी बरंच वाचलेलं आहे. पाद्र्यांच्या पुस्तकांत याला पाप म्हणतात, सरकारच्या पुस्तकात गुन्हा म्हणतात, आणि आमच्या गावात काहीच म्हणत नाहीत, "जोडीदार हायेत" म्हणतात आणि हसतात. त्या खोलीत एका संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "आपण दोघांनी इथंच राहायचं. लग्नबिग्न नको." मी त्याचा हात धरला होता. तो हसला. मग हसायचा थांबला. त्यानं हात काढून घेतला नाही. त्यानंतर दोन वर्षं तो त्या खोलीत राहिला, आणि ती दोन वर्षं कशी होती हे त्याला आणि मला माहीत आहे.

मग वसाहतीत त्याला क्वार्टर मिळालं, ड्रायव्हरची मुलगी मिळाली. मी ठाण्याला परतलो. चर्चच्या शाळेत मास्तर झालो आणि चर्चचं दप्तरही माझ्याकडे आलं.

टोपलीच्या त्या दुपारनंतर महिन्याभरानं तो दप्तराच्या खोलीत आला. हॅट काढली नाही. लग्न ठरलं होतं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं दोघांच्याही गावच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचतात, आईबापांसकट, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगावं. शिवाय बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल द्यावी लागते. नक्कल मी करणार होतो. वाचायची चिठ्ठीही मीच लिहिणार होतो. आमच्या म्हाताऱ्या पाद्र्याला दिसायचं कमी, कागदावर असेल ते तो वाचायचा.

"नाव पर्सी पेरी," पास्कू म्हणाला.

"नोंदवहीत पास्कू आहे."

"माहीत आहे मला. बापाचं नाव ए. पेरी लिही."

"धंदा?"

"सॉल्ट डिपार्टमेंट."

मी हसलो. अंतोनकाका सॉल्ट डिपार्टमेंटमध्ये होता हे खरंच होतं, गुडघ्यापर्यंत.

"हसू नको रे. वंशाच्या जागी लिही, पोर्तुगीज डिसेंट. आणि चिठ्ठी इंग्रजीत कर. गावातल्यांना कळायचं काही कारण नाही."

"आणि मावशी, तुझी आय? लग्नाला येणार ना?"

"ती लुगड्यात येणार. तिथे सगळ्या गाऊनमध्ये असतात. तिला मी सांगितलंय, तब्येत बरी नाही म्हण."

मी म्हटलं, मला हे लिहिता येणार नाही. तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात. म्हणाला, "तू करशील. माझ्यासाठी तू नेहमीच करतोस."

खरं सांगतो, मी लेखणी उचलली होती.

मग तो म्हणाला, "खोलीवरचं मी कुणाला बोललो नाही अजून."

अजून. त्या एका शब्दात सगळं आलं. त्या खोलीत दोन माणसं होती, पण आता तिथे एकच होता. तो मी. त्यानं आपला रंग माझ्या नावावर केला होता, तसंच हेही माझ्या नावावर केलं. तो उन्हानं रापलेला, मी काळा. तो तेव्हा पोरकट होता, मी पापी. हॅटखाली किती काय मावतं.

त्याचा हात मी खांद्यावरून खाली काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो काढला.

म्हटलं, "सांग. पाद्र्याला सांग, माझ्या आयला सांग, तुझ्या सासऱ्याला सांग. पण सांगताना दोघांची नावं घे. नाही घेतलीस तर दुसरं नाव मी सांगीन."

त्यानं हॅट सारखी केली. मग म्हणाला, "तू जळतोस."

"जळतो. पण लिहिणार तेच, जे वहीत आहे."

मी नक्कल केली. अक्षर न अक्षर. पास्कू परेरा, बाप अंतोन परेरा, मिठागरावर मजूर, आई इसाबेल. त्याच्या हातात दिली. चिठ्ठी मराठीत लिहिली आणि पाद्र्याच्या पुस्तकात ठेवली.

आमच्या चर्चमध्ये हॅटवाल्यांसाठी पुढे बाकं असतात. बाकीचे फरशीवर बसतात. पहिल्या रविवारी पास्कू आला नाही. इसाबेलमावशी फरशीवर होती, लुगड्यावर पांढरी ओढणी घेऊन. पाद्र्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. अंतोन परेरा, मिठागरावर मजूर. बाकांवरच्या दोन-तीन माना मागे वळल्या. अंतोनकाका मरून सहा वर्षं झाली होती आणि चर्चमध्ये इतक्या मोठ्यानं त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मावशीनं मान वर केली. शेजारणीला म्हणाली, "आयकलंस? माझ्या घोवाचं नाव."

कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

ते सत्यासाठी केलं की हेव्यानं, असं मला माझ्या मनानं पुष्कळदा विचारलं आहे. दोन्हींसाठी. हेवा नसता तर मी कदाचित इतका काटेकोर झालो नसतो. त्याची मला लाज वाटत नाही. मी लेखणी उचलली होती, त्याची वाटते.

लग्न झालंच. ड्रायव्हरसाहेबानं नक्कल वाचली की नाही कोण जाणे. पुढे ऐकलं की त्याच्या स्वतःच्या आईविषयी कुणी विचारलेलं त्याला चालत नसे. पास्कू गार्ड झाला. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला त्याला दोन नावं घ्यावी लागली असती. मावशी लग्नाला गेली नाही. त्याचं जेवण पोचवायला तिनं मला पुन्हा सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

अलीकडे आमच्यातल्या शिकलेल्यांनी ठरवलं की आपण पोर्तुगीज नव्हे. गोव्याचे लोक पोर्तुगीज म्हणवून नोकऱ्या घेतात, म्हणून आपलं वेगळं नाव हवं. आता आम्ही 'ईस्ट इंडियन'. अर्ज लिहायला मलाच बोलावलं, अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिला. आज्यापासून हा चौथा वंश, जर पास्कूचा हॅटवाला धरला तर. मला नाव बदलण्याचा राग नाही. माणूस बदलतो, त्याची ओळखही बदलते, विशीत मी जो होतो तो आज नाही. माझा राग एवढाच की आपलं नाव बदलण्यासाठी दुसऱ्याला नोकर करावं लागतं का, मजूर बापाला सरकारी खातं करावं लागतं का, प्रेमाला दुसऱ्याचा गुन्हा करावं लागतं का.

परवा आयनं पुन्हा एक स्थळ आणलं. विठ्ठलवाडीच्या बाजूची, चांगली मुलगी.

"नको," मी म्हटलं.

"पन्नाशी आली. कुनाची वाट बघतंस?"

"कुणाची नाही, आय. मला बायको करायची नाही. मी तसा नाही."

तिनं तांदूळ निवडणं थांबवलं. "तसा म्हंजे कसा?"

मी सांगितलं. सरळ, मराठीत. तिनं ऐकलं. सूप घेऊन आत गेली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलेल किंवा नाही बोलणार. ज्या मुलीला ती घरात आणणार होती तिला मी फसवणार नाही, हे माझं ठरलं आहे. आणि आता कुणी विचारलं तर मी आयला सांगितलं तेच सांगणार, पाद्र्याला आणि फौजदारालासुद्धा.