न आलेला बिबट्या

ही हकिगत मी आजवर टाळत आलो असं म्हटलं, तर माझे जुने विद्यार्थी हसतील. ती मी दरवर्षी सांगत असे. प्रोजेक्टसाठी गट करून मुलं समोर बसली, की पहिल्याच तासाला मी त्यांना बिबट्याची गोष्ट ऐकवायचो. एका गटातल्या मुलीनं सोबत्याचं काम त्याला न विचारता काढून टाकलं आणि ऐन प्रदर्शनात बिचाऱ्याची फजिती झाली. तेव्हा बाबांनो, एकत्र काम करायचं तर एकमेकांशी बोलत जा. मुलं माना डोलवत. गोष्ट रंगायचीही चांगली. ती खोटी होती. खरी आहे ती मी टाळली, घरात बायकोलासुद्धा सांगितली नाही.

मी मुलुंडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर शिकवत होतो. मुलांचे प्रोजेक्ट ठरलेले असत. कुणी वाचनालयाचा कारभार कम्प्युटरवर आणायचं, कुणी दवाखान्याचा. त्या वर्षी तिघं जण म्हणाली, आम्हाला व्हिडिओ गेम करायचाय. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून हो म्हणालो.

एक मुलगी होती घाटकोपरची. वडील पूर्वी गिरणीत, नंतर एका शाळेत शिपाई. एक मुलगा गोरेगावच्या रानातल्या आरे दूध कॉलनीच्या क्वार्टर्समधला. त्याचे वडील तिथल्याच एका युनिटात, म्हणजे म्हशींच्या गोठ्यावर, कामाला. हा चित्रं काढायचा. तिसरा बोरिवलीचा, तोंडानं फटकळ, त्याच्याकडे माणसं-जनावरं पडद्यावर चालवायचं काम. आणि मुलगी सगळं जोडायची. दर शनिवारी दोघं आपापलं काम पेनड्राइव्हवर घेऊन यायचे, ती ते एकत्र करायची आणि मग खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बघायची. बदल केवढासा का असेना, ती पहिल्यापासूनच सुरू करायची.

"ए बाई, सापडलं ना रेडकू एकदा," बोरिवलीचा वैतागायचा. "जाऊ दे आता त्याला घरी. त्याला पण शनिवार आहे."

"तुझं रेडकू भिंतीतून आरपार जातं, ते बघ आधी."

"भूत आहे ते. फीचर आहे, यार."

चित्रकार कोपऱ्यात बसून हसायचा. फार बोलायचा नाही. पण ती काही म्हणाली की मान वर करून ऐकायचा, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं होतं.

खेळ असा होता. गोठ्यावरच्या एका मुलीचं रेडकू संध्याकाळच्या वेळी सुटून रानात जातं आणि ती त्याला शोधायला निघते. वाटेत गवत, ओढा, बंद पडलेलं युनिट, वळणावळणाचा रस्ता. बस्, एवढंच. मी विचारलं, "यात शत्रू कुठाय? खेळ म्हटला की कुणीतरी अंगावर यायला पाहिजे."

"बिबट्या आहे ना, सर," चित्रकार म्हणाला. "पण दिसत नाय. आमच्याकडे तो सहसा दिसतच नाय. कुत्री भुंकता भुंकता एकदम गप्प होतात, तेव्हा समजायचं, आलाय."

"म्हणजे परीक्षकांना तू गप्प बसलेली कुत्री दाखवणार?"

बोरिवलीचा फिस्सकन हसला. मुलगी नाही हसली. म्हणाली, "सर, तेच भारी आहे. आणि कामही आटोक्यात राहील." मी ऐकलं नाही. बिबट्या दिसलाच पाहिजे, वळणावर समोर यायला पाहिजे, असं सांगून मोकळा झालो. आज मला कळतं की त्या खेळातलं जे खरोखर त्यांचं होतं, ते मी त्या दिवशीच काढून घेतलं होतं.

तरी मुलगा कामाला लागला. आणि लागला तो असा, की बिबट्या त्याचाच होऊन गेला. लहानपणी त्यानं तो एकदाच पाहिला होता, क्वार्टर्सच्या कुंपणावरून चालत जाताना. मांजरीसारखा चालतो असं लोक म्हणतात, पण तसं नसतं, सर, तो सांगायचा. पाऊल टाकताना खांद्याची हाडं पाठीच्या वर येतात, एक वर, एक खाली. एकेका पावलासाठी त्यानं किती चित्रं काढली असतील कोण जाणे. पहिल्यांदा तो पडद्यावर चालला तेव्हा बोरिवलीचासुद्धा विनोद करायचा विसरला.

प्रदर्शन उद्यावर आलं, त्या दुपारची गोष्ट. खेळ कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवरच दाखवायचा असा आमचा नियम होता, आणि ती मशीनं जुनी. मुलगी घामाघूम होऊन माझ्या केबिनमध्ये आली. बिबट्या वळणावर आला की मशीन गोठत होतं. ना पुढे, ना मागे. चित्रकार पोस्टर छापून आणायला गोरेगावला गेला होता, बोरिवलीचा टेबलं लावायला हॉलमध्ये.

"सर, त्याची चित्रं फार मोठी आहेत. ती लहान केली तर चालेल, पण ते त्यालाच जमेल. त्याला बोलावून घेऊ या?"

"आणि तो येईपर्यंत? प्राचार्य आत्ता बघायला येतायत."

"मग बिबट्या बंद ठेवावा लागेल. बाकी सगळं नीट चालतंय."

"काढ मग."

ती तिथंच उभी राहिली. "मी त्याला फोन करते."

"तू नको करूस. तू सांगितलंस तर भांडण होईल तुमचं, आणि उद्याचा दिवस वाया जाईल. मी सांगतो त्याला."

"नक्की ना, सर?"

"अगं, सांगतो म्हटलं ना."

मी फोन केला नाही. काम होतं असं म्हणता येईल, आणि होतंही. पण खरं कारण वेगळं होतं. ज्या बिबट्यासाठी मी हट्ट धरला तो काढायलाही मीच सांगितलं, हे एका विद्यार्थ्याला सांगताना जी मान खाली घालावी लागते, ती घालायची नव्हती. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी पाहुण्यांच्या खुर्च्या, बुके, हॉलचा माईक. तो दुरून पोस्टर लावताना दिसला. पोस्टरवर बिबट्याच होता, खांदा उचललेला. मी दुसऱ्या दारानं आत गेलो.

दुपारी त्याचे वडील आले. दोन धारांच्या मधल्या वेळात आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. परीक्षक आणि प्राचार्य नेमके तेव्हाच त्या टेबलापाशी पोचले, त्यांच्यामागे मी. मुलानं वडिलांनाच खुर्चीवर बसवलं आणि बोटं कळांवर ठेवून दिली. "हां, चला. आता ओढा. आता हळू जावा, बाबा. ह्या वळणावर येतो बघा."

वळण आलं. गेलं. पडद्यावरची मुलगी चालत राहिली, पुढे गवतात रेडकू दिसलं, तिनं त्याच्या गळ्यात दावं घातलं आणि खेळ संपला. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी मान वळवून सरळ विचारलं, "रे, तुझो वाघ खंय गेलो?"

मुलानं तिच्याकडे पाहिलं. "बिबट्या कुठाय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू काढलास?"

"हो," ती म्हणाली. अजून माझ्याकडेच बघत होती. मी बोलावं म्हणून वाट बघत होती, आणि मी बोललो. प्राचार्यांच्या देखत, मास्तराच्या आवाजात म्हणालो, "एकमेकांना विचारल्याशिवाय कुणाच्या कामाला हात लावायचा नसतो. टीमवर्क म्हणून काही असतं की नाही?"

परीक्षकांनी मान हलवली. मुलानं पोस्टर उतरवायला घेतलं तेव्हा वडिलांनी उठून दुसरं टोक धरलं.

हे एवढंच असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण दोन-तीन दिवसांनी मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, "सर, ती म्हणते, तुम्ही सांगितलं होतं काढायला. आणि मला सांगतो म्हणाला होतात." आवाजात राग नव्हता. मी हो म्हणावं अशी त्याची इच्छा होती, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी हो म्हटलं असतं तर तो माझ्यावर चिडला असता आणि तिच्याकडे परत गेला असता. दोन पायऱ्या वर उभा होतो मी.

"मी बघून घे म्हणालो होतो," मी म्हणालो. "काढ असं नव्हतो म्हणालो."

तो "बरं, सर" म्हणाला आणि खाली उतरला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

ती केबिनमध्ये येऊन म्हणाली, "सर, त्याला एकदा सांगा ना. तुम्ही सांगितलंत तरच तो ऐकेल. तो मला खोटारडी म्हणतोय." मी म्हणालो, होईल शांत, परीक्षा होऊन जाऊ दे. ती पुन्हा आली तेव्हाही हेच म्हणालो. मग ती यायची थांबली.

प्रदर्शनाला अंधेरीच्या एका छोट्या कंपनीचे लोक आले होते. खेळ त्यांना आवडला होता. पूर्ण करून दाखवा, मग दोघांना घेऊ, असं त्यांनी मुलीला आणि चित्रकाराला सांगितलं होतं. बोरिवलीच्याला एमबीए करायचं होतं, त्याला त्यात रस नव्हता. खेळ पूर्ण झाला नाही. चित्रकारानं आपली चित्रं उचलून नेली. चित्रांशिवाय तिच्याकडे उरलं काय? न दिसणाऱ्या मुलीनं न दिसणाऱ्या रस्त्यानं चालायचं. हे मला बोरिवलीच्यानं नंतर सांगितलं. "वाट लागली, सर, सगळ्याची," म्हणाला. "दोघं एकमेकांचं नाव काढत नाहीत. यार, कॉलेज संपल्यावर लग्नबिग्न करतील असं वाटलं होतं मला." चित्रकार गोरेगावला एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम लावतो, हेही त्याच्याकडूनच कळलं. चित्रं काढत नाही. तीही खेळांच्या वाटेला पुन्हा गेली नाही.

पुढच्या वर्षी नवी मुलं समोर बसली आणि माझ्या तोंडून ती गोष्ट निघाली. का निघाली, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. मला वाटतं, खोटं एकदा बोललं की ते नुसतं पडून राहत नाही; त्याला टेकू द्यावा लागतो. दरवर्षी सांगून सांगून मी त्याला टेकू दिला. काही वर्षांनी तर मलाच तिचा राग यायला लागला. न विचारता काढलं म्हणजे काय!

एका चांगल्या गोष्टीसाठी मी त्या तिघांचा ऋणी आहे. गटात काम करताना जोडणाऱ्याचं काम कुणाला दिसत नाही, आणि मोडलं की फक्त तोच दिसतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पण मुलांना मी हे एकदाही शिकवलं नाही. शिकवायचं तर उदाहरण द्यावं लागलं असतं.

गेल्या वर्षी घाटकोपरला डोळ्यांच्या दवाखान्यात मी थेंब घालून बसलो होतो. थेंब घातले की अर्धा तास समोरचं सगळं पांढुरकं होतं. शेजारच्या खुर्चीवर कुणी तरी आपल्या आईला नीट बसवलं आणि म्हणालं, "सर ना तुम्ही?"

चेहरा दिसत नव्हता. आवाज ओळखला.

"आई, हे आमचे प्रोजेक्टचे सर," ती म्हणाली. आईनं नमस्कार केला असावा. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी. आपण एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करतो, असं ती म्हणाली. "सगळं पहिल्यापासून चालवून बघायचं," म्हणाली आणि थोडं हसली. मी चांगलं, चांगलं, म्हणत होतो.

मग ती म्हणाली, "माझी मावसबहीण तुमच्या वर्गात होती, सर. शेवटी शेवटी. तिनं मला घरी येऊन गोष्ट सांगितली. तिला माहीत नव्हतं, ती मुलगी मी आहे ते."

मी पांढुरक्या भिंतीकडे बघत राहिलो.

"अजून सांगता का हो ती?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर सोपं गेलं असतं. ती नुसतं विचारत होती. माझं वाक्य तयार होतं. कितीतरी वर्षं तयार होतं, अंघोळ करताना, रस्त्यानं चालताना म्हणून पाहिलेलं. तेवढं एक वाक्य आधी तिला सांगायचं, मग गोरेगावला जाऊन त्याला सांगायचं, असं मी ठरवलेलं होतं.

"आता कुठलं," मी म्हणालो. "रिटायर झालो मी."

"हो का," ती म्हणाली. तेवढ्यात आतून तिच्या आईला हाक आली. तिनं आईला उठवलं, "सांभाळून, आई, पायरी आहे" असं म्हणाली. जाता जाता मला म्हणाली, "येते हं, सर. डोळ्यांची काळजी घ्या."

मी हात जोडले. मनातच राहिलेलं ते वाक्य फार मोठं नव्हतं. बाळ, काढ असं मीच म्हणालो होतो. तू खरं बोललीस, खोटं मी बोललो. मला क्षमा कर.