कावळा सोडून सगळे पक्षी

वाळूत फिरून आलं की गाडीत वाळू राहतेच. कितीही झाडा, पुढच्या वेळी चपलेखाली करकरतेच! आमच्या कंपूचे किस्सेही तसेच आहेत. एक सांगायला घ्यावा तर दुसरे सीटखालून निघतात.

कंपू म्हणजे आम्ही दुबईजवळच्या अजमानची मंडळी. एक बापटसाहेब, आमच्या ह्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आणि पक्ष्यांचे वेडे. दुसरे हमीदभाई, दापोलीकडचे, त्यांचं किराणा दुकान आणि एक व्हॅन. मग आम्ही दोघं आणि आमचा चार वर्षांचा सोहम. थंडी पडली की शुक्रवारी पहाटे व्हॅन निघायची ती उत्तरेला, उम्म अल कुवैनच्या खाडीवर नाहीतर रस अल खैमाच्या शेतांकडे. हमीदभाईंना जुम्म्याच्या नमाजाला परत पोचायचं असायचं. बापटसाहेब पक्षी बघायचे, हमीदभाई घड्याळ बघायचे आणि मी सोहमकडे बघायचे.

त्या हिवाळ्यात मात्र सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या आणि आमच्या मजेला काम लागलं. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. ते गेले तेव्हा ह्यांना सुट्टी मिळाली नाही, आणि गावी दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून लावावा लागला. ते सासूबाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

"काहीतरी मनात ठेवून गेले गं ते. वर्षश्राद्धाला तरी मुलाच्या हातचं खाऊ देत."

आमच्या गल्लीत कबुतरं होती, साळुंक्या होत्या. कावळा औषधालाही नव्हता! बापटसाहेबांना सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला.

"वहिनी, सैबेरियातून पक्षी येतात इथं! आणि तुम्हाला कावळा?"

"सैबेरियातला असला तरी चालेल," सासूबाई म्हणाल्या, "पण कावळाच हवा!"

*

पहिल्या शुक्रवारी खाडीवर रोहित पक्षी होते. गुलाबी, काटकुळ्या पायांचे, थवेच्या थवे. बापटसाहेबांनी मोठ्या मानाने दुर्बीण सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं.

"कसे वाटले, आई?"

"छान आहेत. जेवणाचे हाल दिसतात."

हमीदभाई म्हणाले, "एवढा उंच, पण मटण किती निघेल हो याचं?"

"हमीद! पक्षी बघायचा असतो!"

"बघतोयच की! तुम्ही तुमच्या नजरेनं बघा, मी माझ्या!"

वारा गार होता म्हणून मी सोहमला स्वेटर, कानटोपी आणि वरून माझी शाल गुंडाळली होती. पलीकडे एक गोरी बाई दुर्बीण लावून उभी होती. तिची दुर्बीण पक्ष्यांवरून फिरत फिरत आमच्याकडे आली, सोहमवर थांबली आणि तिनं पिशवीतलं पक्ष्यांचं पुस्तक काढलं!

*

पुढच्या खेपेला शेतांकडे गेलो. हिरव्या गवताचे पट्टे, कडेला खजुरी. मी खाली उतरते न उतरते तोच डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. आमच्या गावी टिटवी ओरडली तर माणसं वाटेतून माघारी फिरतात. मी सोहमला उचललं, व्हॅनमध्ये जाऊन बसले आणि दार लावून घेतलं.

"घरी चला!"

ह्यांनी समजावलं. बापटसाहेबांनी काचेवर टकटक करून सांगितलं, "वहिनी, आपण तिच्या जागेत शिरलो म्हणून ओरडते ती!" मी हलले नाही.

शेवटी हमीदभाई आले. "वहिनी, ती इथली टिटवी. ओरडली तर इथल्या लोकांना ओरडली असेल. आपला व्हिसा तीन वर्षांचा. अपशकुन लागायला पण नॅशनॅलिटी लागते!"

मी उतरले. सासूबाई मात्र व्हॅनमध्येच बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझा तर व्हिजिट आहे. मला काहीच लागायचं नाही. पण कावळा कुठाय?"

*

एकदा सासूबाईंना दूर एका झाडावर काळं काहीतरी दिसलं. "कावळा!" हमीदभाईंनी व्हॅन सरळ वाळूत घातली. चाकं रुतली. जवळ जाऊन पाहिलं तर काळी प्लास्टिकची पिशवी!

थोड्या वेळानं एक अरब मोठी गाडी घेऊन आला. दोरखंड काढण्याआधी त्यानं मला, सोहमला आणि सासूबाईंना आपल्या गाडीत मागे बसवलं. पुढच्या सीटवर एक ससाणा बसला होता! डोळ्यांवर चामड्याची टोपी, आणि एसीची जाळी त्याच्याकडे वळवलेली.

सोहम म्हणाला, "मम्मी, व्हाय इज ही इन फ्रंट?"

मी त्याचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. टोपीखालून दिसत असेल तर?

बाहेर तो अरब बापटसाहेबांना हिंदीत विचारत होता, "इधर क्या करता?"

"चिडिया देखता."

"पकडता नहीं?"

"नहीं."

"खाता नहीं?"

"नहीं, नहीं! ओन्ली देखता."

त्यानं आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मिस्कीन!" म्हणजे बिचारे! जाताना आम्हाला खजुराचा डबाही देऊन गेला.

*

मग सोहमच्या केजीच्या मिसनं मला बोलावलं. हे ऑफिसात. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पोराला काय झालं?

मिसनं हळू आवाजात सांगितलं की सोहमनं वर्गात उभं राहून सांगितलंय, माय ग्रँडफादर इज अ क्रो. ही इज अँग्री. ही इज नॉट कमिंग टू ईट.

"इज एव्हरीथिंग ओके ॲट होम?"

मी म्हटलं, "येस मिस. ओन्ली क्रो प्रॉब्लेम!"

*

श्राद्धाची तिथी शुक्रवारीच आली. आदल्या दिवशीपर्यंत कावळा नव्हता. सासूबाई जेवल्या नाहीत. आणि संध्याकाळी हमीदभाई दुकान उघडं टाकून धापा टाकत आले.

"आई, सापडले! रस अल खैमाच्या पुढं, कोळ्यांच्या होड्या लागतात तिथं!"

सकाळी ह्यांनी घरी विधी केला. मलबारी दुकानातून आणलेल्या केळीच्या पानावर मी वरण-भात, वडे, खीर वाढली आणि पान मांडीवर घेऊन सासूबाई व्हॅनमध्ये बसल्या.

होड्यांवर कावळे होते. एक नाही, ओळच्या ओळ! आपलेच, राखी मानेचे.

"आपल्याकडच्या जहाजांवरूनच आलेत हे," बापटसाहेब कुजबुजले.

"म्हणजे आपल्यासारखेच," हमीदभाई म्हणाले.

ह्यांनी पान वाळूवर ठेवलं. आम्ही मागं सरलो. एक कावळा जवळच्या होडीच्या काठावर येऊन बसला. मान तिरकी करून त्यानं पान पाहिलं. पण उतरेना.

"बोल रे, काय राहिलंय त्यांचं?" सासूबाई ह्यांना म्हणाल्या.

ह्यांनी हात जोडले. "बाबा, ताईच्या मुलांचं मी बघीन." कावळा तिथंच. "बाबा, घराचे पत्रे बदलीन." तिथंच. "बाबा, मला यायला जमलं नाही हो..." कावळ्यानं पंख झटकले आणि पाठ फिरवली.

मीही म्हटलं, "आईंना कधी एकटं पडू देणार नाही." बापटसाहेबांनी गळ्यातली दुर्बीण काढून मागं लपवली. हमीदभाई पुढं होऊन म्हणाले, "काका, जे काय असेल ते होईल, इन्शाल्ला!"

काही नाही. ऊन वर आलं. खिरीवर माशा बसायला लागल्या.

सासूबाई एकदम उठल्या. पदर कमरेला खोचला आणि त्या होडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो! सगळी माणसं खोळंबलीत. जेवताय, की उचलू पान?"

कावळा टुणकन खाली उतरला आणि त्यानं पहिल्यांदा वडाच उचलला.

"सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "सावकाश. कुणी पळवत नाही."