उंबऱ्यापाशी दिसणाऱ्या चपला

तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला घातल्या, की त्यांचा हिरवा, किंचित तुरट वास घरभर दाटतो. आज सकाळी तसाच दाटला आणि हातातली चाळणी तशीच राहिली. हा वास मला नेहमी अनसिंगच्या त्या ओसरीवर नेऊन सोडतो. वाशीमजवळच्या त्या गावात मी नोकरीमुळे तीन खोल्यांपैकी एका खोलीत भाड्याने राहत होते. उरलेल्या दोन खोल्यांत घरमालकीण आणि तिची नववीतली मुलगी. नवरा हार्वेस्टरवर ड्रायव्हर. हंगाम लागला की परमुलखात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली मुलीचा अभ्यासाचा पाट. आईचे एकच मागणे होते: पोर शिकली पाहिजे.

त्या वर्षी शाळेत गणिताला शिक्षकच नव्हते. मुलीने मोबाइलवर कुठलासा अभ्यासाचा ग्रुप शोधला. अडलेल्या गणिताचा फोटो टाकायचा, कुणीतरी सोडवून द्यायचे. हे ‘कुणीतरी’ हळूहळू एकच माणूस झाले. सगळी मुले त्याला नुसते ‘सर’ म्हणत. तो व्हॉइस मेसेज पाठवी; आवाज मृदू, समजावणे असे की माझेही कान ओसरीकडे लागत. पोरगी चुकली तर तो रागावत नसे, म्हणे, “थांब, आपण पुन्हा पहिल्या पायरीपासून जाऊ.” सहामाहीला तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. आई शेंगांची परात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. “मॅडम, देवमानूस भेटला पोरीले. नाहीतं आजकाल कोन कोनाले फुकट शिकवते?” तिच्या डोळ्यांतले ते समाधान मला अजून आठवते.

मग सर तिला ग्रुपबाहेर, एकटीला शिकवू लागले, गाव कुठले, शाळा कुठली, विचारू लागले. तेही आम्हाला कौतुकाचेच वाटले. थंडी वाढली, तुरीची तोडणी आली, आई रोज वावरात जाऊ लागली. एका दुपारी मी घरीच होते. मुलगी मोबाइल घेऊन माझ्या खोलीत आली. चेहरा उतरलेला.

“मावशी, आई वावरात गेली हे सरले कसं मालूम?”

पडद्यावर तिने पाठवलेले गणित होते आणि खाली सरांचा संदेश: ‘आज आई घरी नाही वाटतं. चपला दिसत नाहीत.’

आम्ही दोघी जुने फोटो उघडून पाहू लागलो. प्रत्येक फोटोत मधोमध वही, समीकरणे, सुबक अक्षर. आणि कडेला, जिकडे आमचे कधी लक्षच गेले नव्हते, तिकडे आमचे घर होते. कुठे निळ्या दाराची चौकट, कुठे मागच्या कडुनिंबाची फांदी, कुठे उंबऱ्यापाशी काढलेल्या आईच्या चपला. आम्ही अक्षर पाहत होतो. तो कडा पाहत होता. किती दिवस, कोण जाणे. तेवढ्यात नवा संदेश आला: ‘उद्या दुपारच्या एसटीने तुमच्या स्टँडवर उतरतोय. पुस्तकं आणली आहेत. आईला सांगू नकोस, तिला नंतर आनंदाचा धक्का देऊ.’

आई संध्याकाळी परतली, तेव्हा मी सगळे सांगितले. ती रडली नाही, पोरीवर ओरडलीही नाही. तिला जवळ ओढून एवढेच म्हणाली, “तू सांगतलं ना मावशीले, बस झालं.” मग ती उठून गल्लीत गेली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली एकही बाई वावरात गेली नाही. सगळ्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या, सूप घेऊन, शेंगा घेऊन. दारात चपलांची रांग लागली. दुपारी स्टँडकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि आईने हातातले सूप खाली ठेवले. बऱ्याच वेळाने एक अनोळखी मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी येऊन मंदावली. हेल्मेट आमच्या निळ्या दाराकडे वळले, क्षणभर तसेच राहिले. आई उठून उभी राहिली. मोटारसायकल निघून गेली. स्टँडवरून कुणाची गाडी घेऊन आलेला तोच होता की कुणी वाट चुकलेला, हे आम्हाला कधीच कळले नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण नावाच्या जागी ‘सर’ एवढेच लिहावे लागले. तो नंबर तोवर बंद झाला होता. ग्रुपवर इतर गावांतल्या मुली दोन दिवस विचारत राहिल्या, सर कुठे गेले? मग त्याही एकेक करून गप्प झाल्या. त्यांतल्या कुणाकुणाला त्याचा दुसरा नंबर मिळाला असेल, या विचाराने मी आजही दचकते.

मुलगी आता वाशीमला कॉलेजात आहे, मोबाइलवरच शिकते. परवा भेटली तेव्हा मी विचारले, आता भीती नाही ना वाटत? ती हसली.

“मोबाइलचं भेव नाही वाटत, मावशी. पन आमच्या एक नव्या मॅडम हायेत. लय जीव लावून शिकवतात. त्या जवळ आल्या का मी वही मिटून घेतो.”

लोक म्हणतात, काही झाले नाही, थोडक्यात निभावले. मीही तेच म्हणत आले. परवा मात्र तिचे हे ऐकल्यावर मला तसे म्हणवले नाही.