टाच कोमट होईपर्यंत

“थांब गो बाय. टाच कोमट होऊ दे.”

मावशीचं हे वाक्य मी दिवसातून पाच-सहा वेळा तरी ऐकायची. तान्ह्या बाळाची टाच दोन्ही तळहातांत धरून ती डोळे मिटून बसायची. मी सुई घेऊन तयार, बाहेर बाकावर आयांची रांग, आणि ही आपली ध्यानाला बसलेली. “मावशी, आटप ना गं!” मी करवादायची. तिने कधी आटपलं नाही. पंखा घरघरत राहायचा, परळची दुपार खिडकीच्या गजांमधून फरशीवर उतरायची, आणि रडून लाल झालेलं पोर हळूहळू गप्प व्हायचं. मग मी टोचायची. जाड कागदावरच्या गोलांमध्ये पाच थेंब उतरले की झालं. खरं सांगते, तिने धरलेल्या टाचेला मला दुसऱ्यांदा कधी टोचावं लागलं नाही.

मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. एचआयव्ही असलेल्या आयांची बाळं आमच्याकडे तपासायला येतात. ज्या आया यायच्या थांबतात त्यांना घरी जाऊन गाठायचं, हे मावशीचं काम. तिचं नाव मी सांगत नाही. आमच्या कामात कुणाचं नाव बाहेर पडण्यासारखी दुसरी चूक नाही, आणि ती सवय आता सुटायची नाही. पण तुमच्यापैकी कुणी लालबागच्या चाळीत राहत असाल, तर तुम्ही तिला नक्की पाहिलं असेल. कदाचित तिच्याशी घासाघीसही केली असेल.

कारण मावशी कफ परेडच्या मच्छीमार नगरातली कोळीण, आणि चाळीत शिरायची ती डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन. दवाखान्यातली बाई दारात उभी राहिली की शेजारपाजार कान टवकारतो. बोंबीलवाली तासभर बसली तरी कुणाला काही वाटत नाही. माटुंग्याला जायचं असलं की मात्र पाटीत गजरे. “तिथं सुकट घेऊन गेले तर वॉचमन मना फाटकातूनच हाकलंल!”

एकदा लालबागहून आली ती भलतीच खुशीत. पाटी रिकामी. “सगळा माल खपला बग!”

“आणि ती बाई? ती भेटली का?”

मावशीने जीभ चावली. घासाघिशीत एवढी रंगली होती की ज्या कामाला गेली तेच विसरून आली होती. दुसऱ्या दिवशी बिचारी पुन्हा गेली.

त्या पाटीवरून आमचं रोज वाजायचं. “मावशी, ती बाहेर ठेव, लॅब आहे ही!” तर म्हणे, “अगो सुकी हाय, तुला काय चावतेय?” रक्ताचे कागद मी रॅकवर वाळत ठेवलेले असायचे. त्यांच्याकडे बघत ती कुठेतरी हरवल्यासारखी पुटपुटायची, “आमच्याकडं बोंबील वाळतात, तुमच्याकडं रगत.” मी रॅक तिच्या पाटीपासून लांब सरकवायची.

सगळ्यात अवघड काम आयांना समजावण्याचं. पोटात असताना बाळाला आईची प्रतिपिंडं मिळतात. साधी एचआयव्ही चाचणी विषाणू शोधत नाही, ती प्रतिपिंडं शोधते. त्यामुळे बाळ निरोगी असलं तरी दीड वर्षापर्यंत पॉझिटिव्ह दिसू शकतं. म्हणून आम्ही टाचेतलं रक्त घेऊन वेगळी, थेट विषाणू शोधणारी तपासणी करतो. मी हे सांगितलं की आया माझ्या तोंडाकडे नुसत्या बघत राहायच्या.

मावशी सांगायची, “पोराबरोबर तू तुझा राखणदार धाडलास. साध्या चाचणीला राखणदार दिसतो. घरात चोर शिरलाय की नाय, ते तिला दिसत नाय. दीड वर्षात राखणदार आपल्या गावाला परत जातो. मग बगायचं.” गावच्या राखणदार देवाला मानणाऱ्या कोकणातल्या बायकांना हे झटक्यात कळायचं. वर आणखी दम भरायची, “आणि तुझा राखणदार जरा अशक्त हाय. म्हणून गोवराची सुई चुकवायची नाय!” मी आधी नाक मुरडायची. आता मीही असंच सांगते.

मागच्या वर्षी लालबागची एक सून यायची थांबली. मुलगी नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. आमच्याकडच्या आधीच्या दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या होत्या. घरात नवऱ्याला माहीत, सासूला नाही. मावशी बोंबील घेऊन गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली.

झालं होतं असं. मुलीला ताप आला. नवऱ्याच्या जिवाला धीर नाही, त्याने गुपचूप तिला एका खासगी लॅबमध्ये नेलं आणि साधी चाचणी करून घेतली. पॉझिटिव्ह. बायकोने तो कागद पाहिला आणि स्वतःच्या गोळ्या बंद केल्या. मुलीलाच लागण झाली, आता कुणासाठी जगायचं, म्हणून. गोवराची लसही राहिली.

कळतंय ना तुम्हाला? त्या गोळ्यांनी तिच्या अंगातला विषाणू दाबून ठेवला होता, म्हणून दुधातून तो मुलीला जायची भीती अगदी कमी होती. आता गोळ्या बंद आणि दूध चालू. तीन आठवडे! खोटा ठरणारा कागद ती स्वतःच्या हाताने खरा करायला निघाली होती.

सुनेने मासळी निवडता निवडता हे कसंबसं कुजबुजून सांगितलं, पण सासू दारातून हलेना, म्हणून त्या दिवशी मावशीला तिला समजावता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने सासूला गोड बोलून शेजारच्या बिऱ्हाडात पिटाळलं, “सोडे हवेत का तेवढं इचारून ये गो,” आणि तेवढ्या वेळात सुनेला सगळं सांगितलं. सून मुलीला घेऊन दवाखान्यात आली खरी, पण विश्वास बसेना. “मावशी, कागदावर लिहिलंय हो.”

मुलीचा पाय मावशीच्या हातांत होता. डोळे नेहमीसारखे मिटलेले.

“माझा पण एक होता,” ती म्हणाली. “तवा टाचेची चाचणी नव्हती. साधी केली, ती पॉझिटिव्ह आली. घरातले बोलले, आता याला कशाला सुया, कशाला दवाखाना. अकरा महिन्यांचा असताना गोवरानं गेला. त्याला हा आजार होता की नव्हता, मना आजपर्यंत म्हाईत नाय.”

इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसले होते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली. सुई मी ट्रेमध्ये परत ठेवली. त्या दुपारी मला घाई करावीशी वाटली नाही. टाच कोमट झाल्याचं तिनेच सांगितलं, मग मी टोचलं.

तो नमुना निगेटिव्ह आला. सुनेने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, मुलीला लस दिली. पण शेवटचा निकाल दूध सुटल्यावर, दीड वर्षाची झाली की मगच. मावशी दर महिन्याला सुकट घेऊन लालबागला जाऊन यायची आणि बोटांवर महिने मोजायची. “या पोरीचं मना बगायचंय.”

दिवाळीनंतर एका सकाळी मावशी आली नाही. झोपेतच गेली. मी मच्छीमार नगरात पोचले तेव्हा समुद्रावर धुकं होतं, बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि ते कुणाचे, कुणी काढायचे, हे कुणालाच सुचत नव्हतं. मीही तिथे उगाच उभी राहिले.

दोन महिन्यांनी सून मुलीला घेऊन आली. मी शेवटची, साधी चाचणी लावली. वीस मिनिटं थांबायचं. मुलगी बाकाखालच्या चपला गोळा करत होती. रेष एकच उमटली, दुसरी उमटलीच नाही.

“निगेटिव्ह,” मी म्हटलं. “आता अगदी पक्कं. तुझा राखणदार गावाला परत गेला.”

ती हसली नाही की रडली नाही. “म्हणजे तिच्यात आता माझं काहीच उरलं नाही?”

“उरलंय की! ते नाक कुणाचं मग?”

तेव्हा ती हसली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. शेवटी पदराने तोंड पुसून म्हणाली, “मावशी कुठे आहेत? दोन महिने फिरकल्या नाहीत. त्यांना मी स्वतः सांगणार.”

मला सांगावं लागलं.

ती परत बाकावर बसली. मुलीला ओढून मांडीवर घेतलं. मुलीच्या हातात कुणाची तरी चप्पल होती, तीही काढून घ्यायचं तिला सुचलं नाही.

“त्यांच्या बाळाचं त्यांना कधी कळलं नाही,” ती म्हणाली. “हिचं तरी कळायला हवं होतं हो.”