लाइट गेली वाटतं

वाळ्याचं सरबत समोर आलं की मला जयपूरची ती दुपार आठवते. २००४चा मे होता, माझी बारावी नुकतीच सुरू झाली होती. सीमेवरून सुट्टीवर आलेले बाबा कूलरसमोर चटईवर गाढ झोपले होते आणि वाळ्याच्या ओल्या जाळ्यांचा वास खोलीभर पसरला होता. शेजारी बसून मी परातीतल्या पाण्यात दोन बोटांनी लाटा उठवत होते, पण वाऱ्याने पाणी सारखं थरथरायचं. म्हणून मी कूलर आणि पंखा दोन्ही बंद केले. मग दिसलं, की एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की तेवढ्या पट्ट्यात पाणी हलतच नाही. पुस्तकात अडलेला इंटरफिअरन्स मला कळला होता! हरखून मान वर केली, तर बाबा घामाने निथळत उठून बसलेले. "लाइट गेली वाटतं," ते म्हणाले. मी मान डोलावली. "तू कर अभ्यास," म्हणत त्यांनी पेपरची घडी उचलली आणि मला वारा घालू लागले. परातीतलं पाणी पुन्हा थरथरलं. बटणं माझ्या पाठीशीच होती. आता बाबा थकलेत. पण लाइट गेली की अजूनही माझ्यासाठी पेपर शोधतात, आणि मी बटणांकडे बघत राहते.