मुल्लै मंडळाची माजी सभासद

मी आयुष्यात मोठं म्हणावं असं एकच खोटं बोलले. पण जे बोलले ते नेमाने बोलले.

ते खोटं असं, की कॉलेजात असताना मी मुल्लै मंडळात होते.

(आमच्या घरी जी मराठी बोलतात ती तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली आणि परत गेलीच नाही. माझी पुण्याची वहिनी ती ऐकून आधी हसते आणि मग अर्थ विचारते. म्हणून इथे सगळ्यांची बोलणी तुम्हाला कळतील अशी करून लिहिते.)

मुल्लै म्हणजे जुईसारखं एक फूल. कुंभकोणममधल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात या नावाचं एक मंडळ आहे. समारंभ, नाटक, पाहुण्यांचं स्वागत, सगळं मुल्लैच्या मुलींकडे. दर शुक्रवारी त्या केसांत मुल्लैचा गजरा घालून येतात, आणि बाकीच्या मुली आपल्याला फुलांचं काही विशेष नाही असं दाखवत वहीत बघतात. पहिल्या वर्षाच्या ऐंशी मुली अर्ज करतात, चौदा घेतात. निवडीच्या तीन फेऱ्या होतात. ज्यांची निवड होते त्यांच्या घरी शुक्रवारी सकाळी मोठ्या मुली ऑटोतून गजरा घेऊन येतात. ज्यांची होत नाही त्यांच्या घरी दूधवाला येतो. तो तसाही रोज येतोच.

यंदा माझ्या मुलीने, जानकीने, अर्ज केला. अर्जात एक रकाना होता : ‘कुटुंबातील कोणी पूर्वी मंडळात होते का?’ जानकीने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आई.’

मी तेव्हा शेजारीच भाजी चिरत होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. मी उघडलंही.

“अक्षर जरा सरळ काढ,” एवढंच म्हणाले.

“अम्मा, तू फार आशा धरू नकोस हं,” जानकी म्हणाली. “ऐंशी मुली आहेत.”

“तुला काळजी कसली? तुझी आई मुल्लैत होती!”

हे मी एकटी असतानाही म्हणायचे. वीस-पंचवीस वर्षं म्हटलं की कुठलंही वाक्य आपलं वाटायला लागतं.

पहिली फेरी कॉफीची. मोठ्या मुलींबरोबर बसून कॉफी प्यायची आणि गप्पा मारायच्या. मी बजावून सांगितलं, पेला ओठाला लावायचा नाही, आपल्या रीतीप्रमाणे वरून ओतून प्यायची. त्यांना वळण दिसलं पाहिजे. जानकी घरी पेला ओठाला लावूनच पिते. तिथे तिने आईचं ऐकलं. अर्धी कॉफी तोंडात गेली, अर्धी अध्यक्षीणबाईंच्या यादीवर.

“नावं पुसली गेली का?” मी विचारलं.

“माझंच गेलं,” जानकी म्हणाली. “पुन्हा लिहून दिलं.”

“बघ, म्हणजे त्यांनी तुझं नाव दोनदा वाचलं!”

दुसरी फेरी मुलाखतीची. मी म्हटलं, आपलं घराणं सांग, पूर्वज तंजावरच्या दरबारात होते म्हणावं. तिने सांगितलं. एका मुलीने विचारलं, दरबारात काय करायचे? आता यावर कोणीही शहाणी मुलगी ‘सल्लागार होते’ असं म्हणेल. पण जानकी बापावर गेली आहे.

“घोड्यांचा चारा बघायचे,” तिने सांगितलं.

तिसऱ्या फेरीत रांगोळी होती. तिथे मी काहीच सल्ला दिला नाही, त्यामुळे ती फेरी छान झाली.

आमच्या माडीवर नित्या नावाची मुलगी भाड्याने राहते. मन्नारगुडीची, जानकीच्याच वर्गातली, अबोल. तिनेही अर्ज केला होता. मी तिला जिन्यात गाठून समजावलं, “हे बघ कण्णा, बाळा, नाही झालं तर मनाला लावून घ्यायचं नाही. अशा ठिकाणी सगळ्यांचंच होत नाही.” ती मान खाली घालून ‘हो आंटी’ म्हणाली. बिचारीला धीर देऊन मला फार बरं वाटलं.

शुक्रवार उजाडला. मी फाटकासमोर एवढी मोठी रांगोळी काढली, की आमच्या ह्यांना स्कूटर बाहेर काढता येईना. (हे दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगतात आणि घरी स्वतःचं बंद ठेवतात.) तुपाने थबथबलेली केसरी, म्हणजे आमच्याकडचा केशरी शिरा, केली. आरतीचं तबक तयार केलं. समोरच्या अलमेलू मामींना ‘सहज’ बोलावलं. त्या सहज म्हणून नवी साडी नेसून आल्या.

“निकाल कळला का?” ह्यांनी विचारलं.

“कळायचाय.”

“मग केसरी?”

“कळल्यावर करायला घेतली तर गार कधी होणार?”

जानकी न्हाऊन खोलीतून बाहेर आली, तबक बघितलं आणि म्हणाली, “अम्मा, हे आत ठेव. प्लीज.” तेवढ्यात ऑटो आला.

थेट आमच्या फाटकाशी! चार मुली उतरल्या, एकीच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला गजरा. मी त्यांना पायरीवरच अडवलं, कापूर लावला, चौघींना ओवाळलं, कुंकू लावलं. त्या एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, हल्ली एवढं अगत्य कुठे बघायला मिळतं! आत आणून बसवलं, हातात केसरीच्या बशा दिल्या.

“आंटी, आम्ही जरा…” एक म्हणाली.

“आधी खा!”

“अम्मा, त्यांना बोलू दे,” जानकी भिंतीला टेकून हळूच म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा बघूनच मलाही कळायला हवं होतं.

“आंटी,” चौघींतली मोठी मुलगी घास गिळून म्हणाली, “माडीचा जिना कुठून आहे?”

“माडीवर काय आहे? माडीवर आमची नित्या राहते.”

“हो,” ती म्हणाली. “नित्याच.”

अलमेलू मामींच्या चमच्याचा आवाज थांबला. (तो त्याआधी कधीही थांबलेला मी ऐकलेला नाही.)

एवढ्यात आवाज ऐकून नित्या स्वतःच खाली आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. गजरा बघितला, मुली बघितल्या, जानकीकडे बघितलं, आणि रडायलाच लागली. आनंदाने नव्हे. चोरी करताना सापडल्यासारखी.

जानकीने पुढे होऊन तो गजरा घेतला. “ओल्या केसांत टिकणार नाही,” म्हणाली, टॉवेलने तिचे केस पुसले, आणि स्वतःच्या केसांतला आकडा काढून गजरा माळला. फक्त आकडा लावायला जरा जास्त वेळ लागला.

इथे हा प्रसंग संपला असता तर मी कुठल्याही आईइतकीच वेडी ठरले असते. पण ऑटोत त्या मुलींबरोबर त्यांच्या देखरेखीच्या प्राध्यापिकाही होत्या. फोनवर बोलत मागे राहिल्या होत्या, त्या आता चपला काढून आत आल्या. माझ्याकडे बघून थबकल्या.

“इंदू? साक्कोट्टैची इंदू ना तू?”

कोमलवल्ली! माझ्या वर्गातली. लग्न होऊन तिरुचीला गेली होती, ती कधी परत आली, कधी प्राध्यापिका झाली, मला पत्ताच नव्हता.

“अगं, आपण बरोबरच मुल्लैचा अर्ज केला होता!” कोमला सगळ्यांना प्रेमाने सांगू लागली. “मला घेतलं आणि ही राहिली. किती रडली होतीस तू, आठवतं?”

आणि मध्येच बोलले आमचे हे. घरी बंद ठेवायचं तोंड उघडलं, तेही आत्ताच!

“पण लग्न ठरवताना तुझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, मुलगी मुल्लैत होती.”

“त्यांनाही मीच सांगितलं होतं,” मी म्हणाले.

जानकी आत गेली आणि तिने दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मुली नित्याला घेऊन गेल्या. अलमेलू मामी डबा भरून केसरी घेऊन गेल्या. हे रांगोळीच्या कडेकडेने चालतच दवाखान्यात गेले. कोमला तेवढी मागे थांबली आणि तिने मला खरं ते सांगितलं. अर्जातला ‘आई’ हा शब्द वाचून मुलींनी जुन्या वह्या काढल्या होत्या. त्यात माझं नाव नव्हतं. “त्यांना वाटलं, मुलगी थापा मारते. त्यामुळेच नाकारली असं नाही, इंदू. पण आधीच काठावर होती.”

काठावरून ढकलणारी मीच होते.

मी जानकीच्या दाराबाहेर जमिनीवर बसले. सकाळचे दहा वाजले होते, स्वयंपाक नव्हता, काही नव्हतं.

“जानकी, ऐक तरी.”

“त्यांना वाटतंय मी खोटारडी आहे,” आतून आवाज आला. ती रडत होती. “नाही घेतलं त्याचं एवढं नाही गं. वाईट वाटलं, पण ठीक आहे. पण खोटारडी?”

मग मी तिला सगळं सांगितलं. आमच्या वेळी निकाल आणि गजरा दोन्ही कॉलेजातच मिळायचं; त्या दिवशी मी बसने साक्कोट्टैला, आमच्या गावी, परत चालले होते. घरी अप्पा दारातच वाट बघत उभे असणार हे माहीत होतं. बसस्टँडवरच्या फूलवालीकडून मुल्लैचा गजरा घेतला आणि माळला. अप्पांनी तो बघितला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हसले. त्यानंतर मागे फिरणं मला जमलं नाही.

“म्हणजे पुढच्या शुक्रवारीही घेतलास?”

“घ्यावा लागला.”

“किती दिवस?”

“तीन वर्षं.”

“दर शुक्रवारी?”

“आदल्या दिवशी विकत घेऊन जेवणाच्या डब्यात लपवून आणलेला सकाळी अप्पांसमोर माळायचा, कॉलेजच्या फाटकापाशी काढून डब्यात ठेवायचा, संध्याकाळी बसमध्ये परत माळायचा. एकदा घाईत केस न झटकता वर्गात गेले. कोमलाच म्हणाली, इंदू, तुझ्या डोक्यावर भाताची शितं आहेत.”

दारापलीकडे काहीतरी झालं. आधी मला वाटलं हुंदका आहे. मग तो लांबला, वर चढला, आणि जानकीने दार उघडलं. डोळे लाल, नाक लाल, आणि हसू थांबत नव्हतं.

“अम्मा, त्यांनी तुला घेतलं असतं तर तुला एवढे कष्ट पडले नसते!”

मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि परत थोडं रडली. मीही रडले. तिचं आजचं होतं, माझं फार जुनं होतं, पण पदर एकच पुरला.

सोमवारी मी कॉलेजात गेले. मंडळाच्या चौदा नव्या आणि वीसेक जुन्या मुलींसमोर उभी राहिले आणि सांगितलं, खोटं माझं आहे, मुलीला ते खरंच वाटत होतं. मुलींनी शांतपणे ऐकून घेतलं. निकाल बदलला नाही. बदलू नये, असं जानकीनेच मला आधी बजावलं होतं. पण वर्गात दोघीतिघी तिला येऊन ‘सॉरी’ म्हणाल्या. आता ती आणि नित्या संध्याकाळी माडीवर बसून मोठमोठ्याने हसतात. माझ्यावर हसत असाव्यात. मी कॉफी नेऊन देते, पेला कसा धरायचा ते सांगत नाही.

नकार कसा पचवावा हे मी मुलीकडून शिकले. खरंच शिकले. आता नवरात्रात आमच्या वस्तीतल्या बायका देवळात टिपऱ्या खेळणार आहेत. सोळाच जणी हव्यात, म्हणून त्यांनी निवड ठेवली. मी गेले, मनात काही आशा न धरता खेळले, आणि निकाल हसतमुखाने ऐकला. माझी निवड झालेली नाही. राखीव यादीत माझा पहिला नंबर आहे. कोणी आजारी पडली तरच बोलावतील.

सोळाही जणींच्या प्रकृती उत्तम आहेत. मी रोज सकाळी घरोघरी जाऊन चौकशी करते.